शिकलगारांच्या मुलुखात प्लाझ्माची धार

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातल्या शाळांच्या हजेरीपटावर शिकलगार हे आडनाव हमखास भेटते. मुलाला त्याचा अर्थ विचारला, तर तो बहुधा गप्प राहतो. मूळ शब्द ‘सैकल’. धातू घासून त्याला चमक आणि धार आणणे म्हणजे सैकल करणे, आणि ते करणारा तो सैकलगर. उर्दूत आरसा आणि मन, दोन्हींना सैकल करतात. आपल्याकडे बोलता बोलता सैकलगरचा शिकलगार झाला. तलवार, कट्यार, भाला यांना धार लावणे, मोडलेले हत्यार सांधणे, मुठी बसवणे हा या लोकांचा पिढीजात धंदा होता. तसेच घोड्याला नाल ठोकणारे ते नालबंद. म्हणजे लोखंड आणि आग यांच्याशी आपल्या समाजाचे नाते कालपरवाचे नाही.

आज याच जिल्ह्यांतली आपली कितीतरी मुले फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये काम करतात. कोणी गेट आणि ग्रिल बनवतो, कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, कोणी साखर कारखान्याच्या टाक्या. त्यांच्या कामात एक मोठा बदल होतो आहे. लोखंड कापण्याचे काम गॅसच्या टॉर्चकडून प्लाझ्माकडे, आणि माणसाच्या हातातून मशीनच्या हातात चालले आहे. दहावी-बारावीच्या मुलांचे पालक विचारतात, “सर, पोराला वेल्डिंगला घालावे म्हणतो, पण आता रोबो येणार म्हणतात. मग त्याचे काय होणार?” हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी हे यंत्र नेमके काय करते, आणि काय करू शकत नाही, ते समजून घ्यावे लागेल.

तलवारीपासून तंबोऱ्यापर्यंत

धंद्यावर असा प्रसंग येण्याची ही पहिली वेळ नाही. १८४८ मध्ये इंग्रजांनी सातारचे राज्य खालसा केले. फौजा मोडल्या, हत्यारांची मागणी आटली. तलवारीला धार लावणाऱ्याने पोट कशावर भरायचे? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेत फरीदसाहेब नावाच्या कारागिराने वेगळी वाट धरली. शिकलगार घराण्यातला हा माणूस तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग नवी वाद्ये घडवण्याकडे वळला. हत्यारावर बसलेला बारीक हात आता पंढरपूरकडच्या भोपळ्यावर, लाकडावर आणि तारेवर चालू लागला. पुढे हे घराणे सतारमेकर म्हणूनच ओळखले गेले. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे देशभरातल्या गवयांच्या हाती गेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

फरीदसाहेबांना काळ बदलल्याचा शोक करत बसता आले असते. पण हातात असलेल्या हुनरातले कोणते अंग नव्या कामी येईल, हे त्यांनी ओळखले. माप, जोड, पॉलिश आणि सबुरी हे गुण तलवारीसाठी लागत होते, तेच तंबोऱ्यासाठीही लागले.

लोखंडाचे कामही या मुलुखातून गेले नाही, फक्त त्याचे रूप बदलले. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाने दिलेल्या जागेवर, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर, लोखंडी नांगराचा कारखाना उभारला. तीच आजची किर्लोस्करवाडी. साताऱ्यात धनजीशा कूपर या पारशी गृहस्थांनी १९२२ मध्ये कारखाना सुरू केला. कूपरचे नांगर आणि इंजिने शेतकऱ्यांच्या घरोघर गेली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही तरुणपणी किर्लोस्कर आणि कूपर या दोघांकडे काम केले होते. ‘कमवा आणि शिका’ सांगणाऱ्या माणसाला कारखाना आतून माहीत होता, ही गोष्ट आपण मुलांना सांगायला हवी.

पुढे सहकारी साखर कारखाने आले, दूध संघ आणि डेअऱ्या आल्या, कुपवाड, मिरज, पलूस आणि सातारा येथे औद्योगिक वसाहती झाल्या. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. या सगळ्यांना लागतो तो कापलेला पत्रा आणि कापलेली प्लेट. फॅब्रिकेशनचे कुठलेही काम आधी कापण्यापासून सुरू होते. कापणे चुकले की जोडणे चुकते.

गॅसचा टॉर्च कुठे थांबतो

ऑक्सिजनचा एक सिलिंडर आणि ॲसिटिलीन किंवा एलपीजीचा दुसरा. दोन नळ्या, एक टॉर्च. पुष्कळ वर्षे आपल्याकडे लोखंड असेच कापले गेले आणि आजही कापले जाते. पाहणाऱ्याला वाटते की ज्योत लोखंड वितळवते. खरे तर ती लोखंडाला फक्त लालबुंद करते. मग कारागीर टॉर्चची कळ दाबतो आणि शुद्ध ऑक्सिजनचा झोत त्या तापलेल्या जागेवर सोडतो. लोखंड ऑक्सिजनमध्ये जळू लागते आणि जळलेले लोखंड खालून ठिणग्यांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे गॅस कटिंगमध्ये लोखंड स्वतःच सरपण होते.

हीच त्याची मर्यादा आहे. जे जळते तेच कापले जाते. साखर कारखान्याच्या मोलॅसिस टाकीची साधी लोखंडी प्लेट गॅसने छान कापता येते. पण भिलवडीत १९३९ पासून चितळ्यांची डेअरी आहे; तिथल्यासारख्या दुधाच्या धंद्याला आज स्टेनलेस स्टीलच्या टाक्या लागतात. गॅसचा टॉर्च स्टेनलेसवर चालत नाही. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असते. ऑक्सिजन लागताच क्रोमियमच्या ऑक्साइडचा चिवट थर तयार होतो आणि जळणे थांबते. ॲल्युमिनियमची गत आणखी वेगळी. ॲल्युमिनियम वितळते ६६० अंशांना, पण त्याच्यावरची ऑक्साइडची साय दोन हजार अंशांच्या पुढेच वितळते. आतला धातू पाणी होऊन जातो आणि वरची साय तशीच राहते. तांब्या-पितळेवरही गॅस कटिंग चालत नाही.

शिवाय गॅसच्या कटिंगने पातळ पत्रा वाकतो. ज्योतीची उष्णता आजूबाजूला पसरते. मग तो पत्रा हातोड्याने सरळ करायचा, कडा ग्राइंडरने घासायच्या, म्हणजे एका कामाची तीन कामे होतात.

प्लाझ्मा म्हणजे काय

कोरोनाच्या काळात ‘प्लाझ्मा’ शब्द घरोघर पोहोचला, पण तो रक्तातला. इथला प्लाझ्मा निराळा. बर्फ तापवला की पाणी, पाणी तापवले की वाफ, हे आपण पाचवी-सहावीत शिकतो. वायू आणखी तापवला, इतका की त्याच्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होऊ लागले, तर तो विजेचा वाहक बनतो. पदार्थाची ही चौथी अवस्था म्हणजे प्लाझ्मा. आकाशातली वीज प्लाझ्मा आहे, सूर्य प्लाझ्माचा आहे आणि पेटलेल्या ट्यूबलाइटमधला वायूसुद्धा प्लाझ्माच आहे.

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या युनियन कार्बाइड कंपनीच्या लिंडे विभागात वेल्डिंगच्या आर्कवर काम चालले होते. तिथे रॉबर्ट गेज यांनी हा आर्क एका बारीक भोकाच्या तांब्याच्या नोझलमधून दाबून बाहेर काढला. नळीच्या तोंडावर बोट धरले की पाणी लांब आणि जोराने जाते, तसे झाले. दाबलेला आर्क अधिक गरम आणि अधिक वेगवान झाला. धातूत तो आरपार जाऊ लागला. १९५७ मध्ये त्याचे पेटंट मिळाले.

आजच्या लहान मशीनमध्येही तत्त्व तेच आहे. टॉर्चच्या आत इलेक्ट्रोड, त्याच्याभोवती नोझल, दोघांच्या मधून कॉम्प्रेसरची हवा. कळ दाबली की आधी इलेक्ट्रोड आणि नोझल यांच्यात छोटा आर्क पेटतो. टॉर्च प्लेटजवळ आला की तो आर्क प्लेटवर उडी घेतो, कारण प्लेटला अर्थिंगचा क्लॅम्प लावलेला असतो. झोताचे तापमान वीस हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते. धातू क्षणात वितळतो आणि हवेचा जोर त्याला खाली उडवून देतो. इथे धातू जळण्याची गरज नाही. वीज वाहून नेणारा कोणताही धातू कापता येतो: लोखंड, स्टेनलेस, ॲल्युमिनियम, तांबे, पितळ. पातळ आणि मध्यम जाडीच्या प्लेटवर तो गॅसपेक्षा कितीतरी वेगाने चालतो, आणि झोत अरुंद असल्याने पत्रा वाकतही कमी. फार जाड प्लेटवर मात्र, साधारण ५० मिलिमीटरच्या पुढे, साध्या लोखंडासाठी आजही गॅसच परवडतो.

म्हणून प्लाझ्मा आला म्हणून गॅसचा टॉर्च भंगारात घालायचा नाही. शहाणे वर्कशॉप दोन्ही ठेवते.

टेबल आणि रोबो

हाताने प्लाझ्मा चालवणे हा पहिला टप्पा. दुसरा टप्पा म्हणजे सीएनसी टेबल. मोठ्या लोखंडी टेबलावर प्लेट ठेवतात. वर रुळांवर सरकणारी एक कमान असते आणि कमानीवर टॉर्च. कॉम्प्युटरमध्ये ड्रॉइंग घातले की टॉर्च त्या रेषेवरून फिरतो. खडूने मार्किंग नाही, पंच नाही, गुण्या नाही. एकाच प्लेटमधून लहान-मोठे तुकडे कसे बसवायचे हेही कॉम्प्युटर जुळवतो. जुना शिंपी कापडावर खडूने बाह्या आणि कळ्या अशा मांडतो की चिंधी कमीत कमी निघावी, अगदी तसेच. याला वर्कशॉपमध्ये नेस्टिंग म्हणतात. स्टेनलेसच्या प्लेटचा भाव पाहता, चिंधी वाचली तरी मालकाचा फायदा होतो.

प्लेट कधीच पूर्ण सपाट नसते आणि कापताना तापून ती आणखी उचलली जाते. टॉर्च आणि प्लेट यांच्यात काही मिलिमीटरचेच अंतर ठेवायचे असते. मशीन ते डोळ्याने पाहत नाही. आर्क लांबला की त्याचा व्होल्टेज वाढतो, आखूड झाला की कमी होतो. हा व्होल्टेज सतत मोजून मशीन टॉर्च खाली-वर करते.

टेबल सपाट प्लेट कापते. पण दुधाच्या टाकीचे घुमटासारखे झाकण, गोल पाइपाला पडणारे तिरके भोक, किंवा पवनचक्कीच्या मनोऱ्याच्या जाड प्लेटची वेल्डिंगसाठी लागणारी तिरपी कड? तिथे टॉर्चला माणसाच्या मनगटासारखे वळावे लागते. तिसरा टप्पा असलेला रोबो इथे येतो. रोबो म्हणजे सिनेमातला चालता-बोलता लोखंडी माणूस नव्हे. तो एका जागी पक्का बसवलेला हात असतो. खांदा, कोपर, मनगट मिळून त्याला सहसा सहा सांधे असतात. त्याच्या टोकाला प्लाझ्माचा टॉर्च बांधला की तो कोणत्याही कोनातून कापू शकतो, आणि एकदा केलेली हालचाल मिलिमीटरच्या लहानशा अंशाचाही फरक न पडता हजार वेळा करतो. कारखान्यात पहिला औद्योगिक रोबो १९६१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने लावला. गरम ओतीव भाग साच्यातून उचलण्याचे धोक्याचे काम त्याच्याकडे दिले होते. आपल्या जवळच्या पुणे-चाकण पट्ट्यात गाड्यांच्या कारखान्यांत रोबोंच्या रांगा वेल्डिंग करताना दिसतात.

स्वतः हलणारी यंत्रे ही केवळ पश्चिमेची कल्पना आहे असे मुलांना वाटते. त्यांना अल-जझरींबद्दल सांगावे. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातल्या या कारागिराने १२०६ मध्ये यंत्रांवरचा मोठा ग्रंथ पूर्ण केला. त्यात पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या नावेतल्या वादकांचे यंत्र आहे. आत फिरणाऱ्या दांड्यावर खुंट्या बसवलेल्या असतात आणि त्या पुढे सरकतील तसे वादकांचे हात हलतात. रोबोला कामाचा क्रम आधी सांगून ठेवणे आणि तो त्याने आपोआप करणे, ही गोष्ट त्या खुंट्यांच्या दांड्याशी नाते सांगते.

मशीनला जे कळत नाही

रोबोला काम ‘शिकवावे’ लागते. शब्दच तसा आहे. हातात धरायच्या पाटीसारख्या कंट्रोलवरून त्याचा हात एकेका बिंदूवर न्यायचा, तो बिंदू नोंदवायचा, वेग ठरवायचा, आर्क कुठे पेटवायचा आणि कुठे बंद करायचा ते सांगायचे. ज्याने स्वतः कधी प्लेट कापली नाही, तो रोबोला काय शिकवणार?

काही उदाहरणे देतो. प्लेटच्या खालच्या कडेला मळ चिकटून राहतो. तो जाड, फुगीर आणि हातोडीच्या एका टोल्याने पडणारा असेल, तर टॉर्च फार हळू चालला होता. बारीक, कडक मण्यांसारखा असेल आणि ग्राइंडरशिवाय निघत नसेल, तर टॉर्च फार वेगात होता. कापाच्या कडेवर बारीक तिरप्या रेषा उमटतात. त्या किती मागे झुकल्या आहेत यावरून जाणकार वेग ओळखतो. मशीन तक्त्यातला आकडा घेते. पण प्लेट, हवा आणि नोझल रोज थोडे बदलतात, म्हणून तो आकडा थोडा पुढे-मागे करणे माणसाच्या हाती राहते.

दुसरी गोष्ट. टॉर्चमधून वायू भोवऱ्यासारखा फिरत बाहेर पडतो. त्यामुळे कापाची एक बाजू सरळ आणि दुसरी थोडी तिरपी येते. सर्वसाधारण नोझलमध्ये टॉर्च पुढे जात असता उजवी बाजू सरळ येते. म्हणून तुकड्याची बाहेरची कड घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि आतले भोक उलट दिशेने कापायचे, म्हणजे तिरपी बाजू भंगाराकडे जाते. हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातात लाखोंचे मशीन असूनही माल परत येतो.

तिसरी गोष्ट. प्लेटमध्ये पहिले भोक पाडताना वितळलेला धातू वर उडतो आणि नोझल खराब करतो. म्हणून टॉर्च उंच धरून, भंगार होणाऱ्या जागेत भोक पाडायचे आणि मग कापाच्या रेषेवर यायचे. चौथी गोष्ट हवेची. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते. ओली हवा टॉर्चमध्ये गेली की इलेक्ट्रोड लवकर जळतो. रोज सकाळी टाकीचा कॉक उघडून पाणी काढणे हे झाडू मारण्याइतके साधे काम आहे, पण ते न करणाऱ्याचा महिन्याचा खर्च वाढतो.

लोखंडाच्या नावाची एक सूरह कुरआनात आहे, सूरह हदीद. हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्या हातात अल्लाहने लोखंड मऊ केले आणि त्यांना चिलखत घडवण्याचे ज्ञान दिले, हे आपण जाणतो. तिथे कड्यांचे माप नीट राखण्याचाही हुकूम आहे. एका पैगंबरांच्या हाताला लोखंडाचे काम लाभले आणि मापाची सक्त ताकीदही मिळाली. ज्याला आपण ‘फक्त वेल्डर’ म्हणून बाजूला करतो, त्याच्या हुनराची इज्जत एवढी आहे.

काम कोणाचे जाते

रोबोमुळे कोणाचेच काम जाणार नाही, असे सांगणे खरे होणार नाही. खडूने मार्किंग करणारा, टॉर्च धरून दिवसभर सरळ रेषेत कापणारा, कडा घासणारा हेल्पर, यांची गरज कमी होते. एक सीएनसी टेबल कित्येक टॉर्चवाल्यांचे काम करते. ज्या घरात चाळिशी ओलांडलेला कमावता माणूस हेच काम करतो, त्या घरासाठी ही चिंतेची बाब आहे.

पण कापून झाल्यावर तुकडे जुळवणे, टाके मारणे, अडचणीच्या जागी वेल्डिंग करणे, उभ्या कारखान्यात जाऊन दुरुस्ती करणे, हे काम लहान वर्कशॉपमध्ये माणसाकडेच राहते. साखर कारखान्याचा हंगाम सुरू असताना टाकी गळू लागली, तर तिथे रोबो नेता येत नाही. टॉर्च घेऊन माणूसच जातो. आणि टेबल चालवायला, प्रोग्रॅम करायला, नोझल आणि इलेक्ट्रोड बदलायला, बिघाड शोधायला नवी माणसे लागतात. या जागा आपल्या मुलांना मिळणार की बाहेरून माणसे आणली जाणार, एवढाच प्रश्न आहे.

आपली पुष्कळ मुले आठवी-नववीतून शाळा सोडून मामा-चाचांच्या शेडमध्ये लागतात. उस्तादाकडून हात तयार होतो, ही मोठी दौलत आहे. पण कागद नसतो. मग मोठ्या कारखान्याच्या गेटवर किंवा आखाती देशात जाताना ट्रेड टेस्टच्या वेळी दहा वर्षांचा अनुभव तोंडीच राहतो. ड्रॉइंग वाचता येत नाही, म्हणून सुपरवायझर होता येत नाही.

घरात बसून ठरवायच्या गोष्टी

पहिली गोष्ट, आयटीआय. वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा आणि फिटरचा दोन वर्षांचा. औद्योगिक रोबो आणि डिजिटल उत्पादनाचा तंत्रज्ञ हा ट्रेडही आता केंद्र सरकारच्या यादीत आहे. आपल्या जवळच्या संस्थेत तो आहे का, याची चौकशी जाऊन करावी. त्यानंतर ॲप्रेंटिस म्हणून कारखान्यात शिकता येते आणि विद्यावेतनही मिळते. ज्यांचे वय उलटून गेले, त्यांच्यासाठी आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य योजनांत आहे. चाळिशीच्या उस्तादाने ते जरूर घ्यावे. त्याच्या डोळ्यातले ज्ञान आणि पुतण्याच्या हातातला कॉम्प्युटर एकत्र आले, तर ते वर्कशॉप कोणाला हरणार नाही.

दुसरी गोष्ट, गणित. सहावी-सातवीतले कोन, वर्तुळाचा परीघ, दशांश अपूर्णांक हे सीएनसीच्या टेबलावर रोज लागतात. “मला तर कारखान्यातच जायचे आहे, गणित कशाला?” म्हणणाऱ्या मुलाला हे आवर्जून सांगावे.

तिसरी गोष्ट, मुली. टेबलाचे ड्रॉइंग आणि नेस्टिंग कॉम्प्युटरवर होते. ज्या घरात मुलीने शेडमध्ये काम करावे याला संकोच वाटतो, तिथेही ऑफिसात बसून किंवा घरच्या वर्कशॉपसाठी ती हे काम करू शकते. तांत्रिक ड्रॉइंगचे शिक्षण घेतलेली मुलगी वडिलांच्या धंद्याला मोठा आधार होऊ शकते.

चौथी गोष्ट, भांडवल. हाताने चालवायचे लहान प्लाझ्मा मशीन लहान वर्कशॉपच्या आवाक्यात येते, टेबलाला लाखांत जावे लागते आणि रोबोची किंमत त्याहून पुष्कळ जास्त. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात अल्पसंख्याकांना शहरात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे, मात्र त्याच्या जोडीला बँकेचे कर्ज असते. ज्या घरांना व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहायचे आहे, त्यांच्यापुढे शिर्कतीचा मार्ग आहे. गावातल्या तीन-चार शेडवाल्यांनी मिळून एक टेबल घ्यावे, हिस्से लिहून ठेवावेत, नफा-तोटा वाटून घ्यावा आणि टेबल रिकामे असेल तेव्हा बाहेरचे जॉबवर्क करावे. एकट्याला जे मशीन परवडत नाही, ते चौघांना परवडते. फक्त करार तोंडी ठेवू नये. भावाभावांतही लेखी करार असावा, हीच आपल्या दीनची शिकवण आहे.

पाचवी गोष्ट शरीराची, आणि ही आईने आणि पत्नीने ऐकण्यासारखी. प्लाझ्माचा प्रकाश डोळ्यांना जाळतो. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते, ते त्यामुळेच. योग्य काचेचा चष्मा किंवा ढाल असल्याशिवाय टॉर्च पेटवू नये, आणि जवळ उभ्या हेल्परलाही चष्मा द्यावा. स्टेनलेस कापताना निघणाऱ्या धुरात क्रोमियमचे विषारी रूप असते. गॅल्वनाइज्ड पत्र्याच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. शेडमध्ये धूर ओढणारा पंखा आणि तोंडावर योग्य मास्क हवा. रुमाल बांधून भागत नाही. टेरिकॉटचा शर्ट ठिणगीने अंगाला चिकटतो, सुती जाड कपडे घालावेत. कानात बोळे घालावेत. पेट्रोल, डिझेल किंवा थिनरचा रिकामा पिंप कधीही कापायला घेऊ नये. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. पाणी भरलेल्या टेबलावर ॲल्युमिनियम कापताना हायड्रोजन वायू तयार होऊन साठतो, तिथेही जाणकाराला विचारल्याशिवाय हात घालू नये. रोबोच्या कुंपणाचे दार उघडले की तो थांबला पाहिजे, ही सोय घाईत कोणी बंद करून ठेवली असेल तर ती आधी सुरू करून घ्यावी.

धोक्याच्या धुरातून, आगीच्या जवळून आणि दिवसभर वाकून उभे राहण्यातून माणूस सुटत असेल, तर यंत्राचे येणे वाईट नाही. रमजानच्या उन्हाळ्यात रोजा धरून टॉर्चसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. मात्र सुटलेल्या माणसाच्या हाती दुसरे काम आले पाहिजे. ते आपोआप येत नाही, शिकून मिळवावे लागते.

दहावीचा निकाल लागण्याआधी एक दिवस काढावा. मुलाला, जमल्यास मुलीलाही, जवळच्या आयटीआयमध्ये न्यावे. तिथल्या निदेशकांना भेटावे, कोणते ट्रेड आहेत, प्रवेशाची मुदत काय आणि कोणते दाखले लागतात ते लिहून आणावे. मग ओळखीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये सीएनसी टेबल चालताना त्यांना तासभर पाहू द्यावे आणि चालवणाऱ्याला प्रश्न विचारू द्यावेत. अल्लाह आपल्या मुलांच्या हाताला हुनर आणि हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.